ब्रेडिंग यंत्रावर गोल नाडीतून दोरा वर येतो – मदत हवी आहे

नाडीवाला_इचलकरंजी: पॉलिएस्टरची गोल नाडी विणताना मधूनच एखादा दोरा सैल पडतो आणि त्याचा फुगवटा वर येतो. स्प्रिंगा बदलल्या, तरी फरक पडला नाही. माल शनिवारी द्यायचा आहे, कृपया नेमका उपाय लवकर सांगावा.

तेलपाणी: कॅरियर (बॉबिन घेऊन फिरणारे भाग) किती आहेत, आत गाभ्याचा दोरा आहे की नाडी पोकळ आहे आणि स्प्रिंगा सगळ्या कॅरियरच्या बदलल्या की काहींच्याच, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

जुना_जॉबर: इतक्या चौकशीची गरज नाही. टेक-अपचा, म्हणजे तयार नाडी ओढून घेणाऱ्या भागाचा, गिअर बदलून ओढ वाढवा. आमच्याकडे याच उपायाने नाडी सुधारली होती.

तेलपाणी: जुना_जॉबर, मी याच्याशी सहमत नाही. टेक-अप वाढवल्यास इंचातील पीक (दोरे एकमेकांना छेदतात ते टाके) कमी होतात आणि संपूर्ण नाडीची वीण विरळ होते. एकट्या दोऱ्याचा ताण त्याने सुधारत नाही.

टोकबंद: नाडी गरम पात्याने कापावी, म्हणजे पॉलिएस्टर वितळून टोक उसवत नाही. बुटाच्या लेससाठी मात्र अॅसिटेटची फीतच चांगली.

नाडीवाला_इचलकरंजी: टोकांविषयी मी विचारलेले नाही. १६ कॅरियर आहेत आणि सगळे भरलेले आहेत, गाभा सुती आहे, स्प्रिंगा सगळ्या नव्या आहेत. आता तरी सांगा.

सूतपारखी: सुती गाभा धुतल्यावर आटतो आणि वरचे पॉलिएस्टर चुण्या धरते, त्यामुळे गाभाही पॉलिएस्टरचाच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

तेलपाणी: ते धुतल्यानंतरचे झाले, येथे दोष यंत्रावरच दिसतो आहे.

शिगमो_पणजी: आमच्याकडे शिगम्यात गोफ विणतात, तेव्हा अर्धे गडी एका दिशेने आणि अर्धे उलट दिशेने एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात, एकाने दोर ढिला सोडला की त्याचाच दोर गोफाभोवती लोंबताना दिसतो. हॉर्न गिअरवरचे (कॅरियर पुढे ढकलणाऱ्या खाचांच्या चाकांवरचे) कॅरियरही याच रीतीने फिरतात. म्हणून फुगवटा नाडीभोवती फिरत जातो की नेहमी एकाच बाजूला येतो, ते आधी पाहावे.

तेलपाणी: हाच खरा प्रश्न आहे. नाडी स्वतःभोवती फिरत नाही, त्यामुळे ट्रॅकवर (कॅरियर फिरतात त्या वाटेवर) एका जागी खाच पडली असेल तर तिथून जाणारा प्रत्येक कॅरियर धक्का खातो आणि फुगवटे एकाच बाजूला येतात. ते नाडीभोवती फिरत असतील, तर एकच कॅरियर संशयित असतो.

नाडीवाला_इचलकरंजी: फिरत जातात. पण तो कॅरियर ओळखायचा कसा?

तेलपाणी: संशयित कॅरियरवर रंगीत दोऱ्याचे बॉबिन चढवा. फुगवटा रंगीत दोऱ्याचाच आला, तर कॅरियर सापडला. मग तेच बॉबिन दुसऱ्या कॅरियरवर लावून पाहा. दोष बॉबिनबरोबर गेला तर बॉबिन भरतानाचा ताण असमान आहे, जागेवरच राहिला तर त्या कॅरियरचा खटका (बॉबिनवरून दोरा बेताने सोडणारा भाग) तंतूंच्या कचऱ्याने अडकत असणार आणि तसे असेल तर स्प्रिंग कितीही नवी घातली तरी दोरा झटक्यानेच सुटेल. खटका उघडून साफ करा आणि दोऱ्याच्या डोळ्याला झिजून खाच पडली आहे का, तेही त्याच वेळी तपासा.