मागच्या रांगेतला ओरडा

प्रेषक: मेधा (कार्यवाह)
रविवार, २ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.४५
विषय: कालचा कार्यक्रम, आभार आणि एक तक्रार

नमस्कार मंडळी,

आपल्या बोस्टनच्या मंडळाचा कालचा दिवाळीचा कार्यक्रम छान झाला. चकल्या पुरल्या, करंज्या उरल्या. स्टीलचे दोन डबे आणि लहान मुलाचा एक डावा बूट माझ्याकडे आहे. ज्याचं असेल त्याने घेऊन जावं.

आता तक्रार. नऊच्या सुमाराला पाहुण्या बाईंचं नाट्यपद ऐन तानेत असताना शेवटच्या रांगेतून "गेला! गेला!" असा ओरडा झाला. बाई थबकल्या. त्यांना वाटलं, आपला सूरच गेला. मध्यंतरात मला दोनदा विचारत होत्या, "खरंच लागला नाही का हो?" फोनवर बेसबॉल बघणाऱ्यांची नावं मला माहीत आहेत, पण लिस्टवर लिहिणं बरं दिसत नाही. (अनिरुद्ध, तू.)

तिकडे नवी मुंबईत आपल्या मुलींची क्रिकेट विश्वचषकाची फायनल चालू आहे, माझा एक डोळा तिकडे आहे. चुकलंमाकलं समजून घ्या.

मेधा

———

प्रेषक: अनिरुद्ध
रविवार, २ नोव्हेंबर, सकाळी ११.३०
विषय: उत्तर: कालचा कार्यक्रम, आभार आणि एक तक्रार

मेधाताई, माफी. ओरडणारा मीच. बाईंना कृपया कळवा की सूर जागेवर होता, चेंडू गेला होता. बेसबॉलची फायनल, टोरांटो विरुद्ध लॉस एंजेलिसचे डॉजर्स. तिसऱ्या इनिंगला टोरांटोच्या बो बिशेटने डॉजर्सच्या ओतानीला तीन रनांचा होमर (आपल्या षटकारासारखा) मारला, तो क्षण होता.

माझी मावसबहीण टोरांटोत असते, म्हणून मी त्यांच्या बाजूने, असं मी काल सगळ्यांना सांगत फिरत होतो. खरं कारण तेवढं चांगलं नाही. मूकी बेट्स पूर्वी आपल्या रेड सॉक्सचा, आता डॉजर्सचा. त्याला चौथी अंगठी, म्हणजे चौथं विजेतेपद, मिळालेली मला बघवणार नव्हती. ती मिळालीच. घरी येऊन, मुलांना झोपवून, आवाज बंद करून शेवटपर्यंत बघत बसलो. अकरावी इनिंग, डॉजर्स ५-४ ने पुढे, टोरांटोची माणसं पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर, एक आउट. कर्कची बॅट मोडली आणि चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपकडे गेला. शॉर्टस्टॉपला कोण? बेट्स. त्याने पळत जाऊन स्वतःच सेकंड बेस तुडवला, फर्स्टला फेकला, खेळ खलास. मध्यरात्र उलटून गेली होती. एक अंगठी त्याने २०१८ मध्ये आपल्याकडे मिळवली. बाकीच्या तीन, २०२०, २०२४ आणि ही, आपण त्याला जाऊ दिल्यावरच्या.

नव्या मंडळींसाठी सांगतो. बेट्सला रेड सॉक्सने २०११ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या पोरांच्या निवडीत) पाचव्या फेरीत उचललं होतं. म्हणजे घरच्या आळ्यातलं रोप. २०१८ ला तो लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला डेव्हिड प्राइससकट लॉस एंजेलिसला धाडला. बदल्यात व्हर्डुगो, वाँग आणि डाउन्स नावाचा एक पोरगा. त्या पोराचं पहिलं नाव जीटर, आपल्या जुन्या वैऱ्यांच्या, न्यू यॉर्कच्या यांकीजच्या, डेरेक जीटरवरून ठेवलेलं! बोस्टनसाठी तो सगळे मिळून १४ सामने खेळला.

आणि यंदाचं १५ जून तर मी विसरणार नाही. फादर्स डे होता. सकाळी धाकट्याने मला आपल्या डेव्हर्सचा ११ नंबरचा शर्ट दिला. आईकडून पैसे घेऊन दोन आणलेले, एक माझा आणि तसाच एक त्याचा. तेच घालून फेनवेला, आपल्या मैदानावर, गेलो. यांकीजवर २-० ने विजय, मालिकेतले तिन्ही सामने खिशात, आणि त्यातला एक होमर डेव्हर्सचा. परत येताना देशी दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या बघत होतो, तेवढ्यात फोन थरथरला. डेव्हर्सलाही सॅन फ्रान्सिस्कोला धाडला. मला वाटलं, बातमीदारांच्या नावाने खोटी खाती चालवतात त्यातलं असेल काहीतरी. पण खरं होतं. धाकटा विचारतो, "बाबा, पण त्याने आज होमर मारला ना?" मी कोथिंबीर परत ठेवून दिली आणि पालक घेऊन घरी आलो. बायको अजून त्या पालकावरून बोलते.

ट्रेड, म्हणजे क्लबांमधली खेळाडूंची देवघेव, होणारच, त्याबद्दल मी भांडत नाही. माझं दुखणं पुढचं आहे. आपल्या गावात माणूस गेला रे गेला की दुसऱ्या दिवसापासून तो कसा वाईटच होता हे वाचायला लागतं. तोवर सगळे गप्प.

अनिरुद्ध

———

प्रेषक: वसंतकाका
रविवार, २ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद.

सर्वप्रथम, मुलींनी विश्वचषक जिंकला! बावन्न धावांनी! तुझी काकू आनंदाने रडते आहे, त्यामुळे चहा मीच केला.

आता तुझ्या रडण्याकडे वळू. मी उभा जन्म हिशोब तपासण्यात घालवला, तेव्हा आकडे बोलतो. बेट्सच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. त्यानंतर तो मोकळा, तो उठून गेला असता तर हाती काय राहिलं असतं? २०२० ला लक्झरी टॅक्सची रेषा (पगारांचा खर्च तिच्यावर गेला की क्लबला कर) २० कोटी ८० लाख डॉलरवर होती आणि आपण तिच्या वर. प्राइसच्या करारातले ९ कोटी ६० लाख शिल्लक होते, त्यातले निम्मे डॉजर्सनी उचलले. बेट्स देऊन बोजा उतरवला, इतकं सरळ आहे.

डेव्हर्सचं तर मला वाईटही वाटत नाही. ३१ कोटी ३५ लाखांचा, दहा वर्षांचा करार. नवा ब्रेगमन आला तेव्हा थर्ड बेसची जागा सोडायला कुरकुर. मे महिन्यात फर्स्ट बेसवाला कॅसस जायबंदी झाला, फर्स्ट बेसला उभा राहा म्हटलं तर नाही म्हणून पत्रकारांपुढे सांगितलं. खुद्द मालक कॅन्सस सिटीला विमानाने गेला समजूत घालायला! आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर हाच गडी फर्स्ट बेसला उभा राहिला की नाही? आपण त्याच्याविना ८९ सामने जिंकून प्लेऑफला गेलो, त्यांचे ८१ विजय आणि ८१ पराजय. पंचवीस कोटींवर देणं दुसऱ्याच्या वहीत गेलं. मला तर ही नोंद जमेची वाटते.

कोथिंबीर मात्र आणायला हवी होतीस.

वसंतकाका

———

प्रेषक: मेधा
रविवार, २ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

काका, जिंकलो!!! बाकी मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. एकच विचारते, त्या खेळाडूला विचारतात का? की परस्पर स्थळ पक्कं करून बॅग भरायला सांगतात?

मेधा

———

प्रेषक: अनिरुद्ध
रविवार, २ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मेधाताई, परस्परच. करारात "मला विचारल्याशिवाय हलवायचं नाही" असं कलम घालून घेतलं असेल तरच विचारतात. नाहीतर मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच क्लबकडे काढली असतील, तर नकार देता येतो. डेव्हर्सची दहा भरली नव्हती. त्या रात्री टीम सिअॅटलला निघाली होती आणि त्याला दुसरं विमान धरावं लागलं. गंमत म्हणजे दोन्ही क्लब मिळून तो यंदा १६३ सामने खेळला. सीझन असतो १६२ चा.

काका, हिशोब मान्य. डेव्हर्स हट्टीपणाने वागला हेही मान्य. सीझनच्या सुरुवातीला पहिल्या पाच सामन्यांत तो १५ वेळा स्ट्राइकआउट झाला, तेव्हा मीही सोफ्यावरून त्याला काय काय बोललो ते लिस्टवर लिहिण्यासारखं नाही. पण बेट्सची नोंद तुम्ही अर्धीच वाचलीत. हाती काही राहिलं नसतं म्हणता, तर राहिलं काय? डाउन्सला २०२२ संपता संपता सोडून दिला, व्हर्डुगो २०२३ च्या डिसेंबरात यांकीजला, आणि ज्याने बेट्सचा ट्रेड केला तो क्लबचा तेव्हाचा कारभारी हाइम ब्लूम त्याआधीच सप्टेंबरात घरी. उरला एकटा वाँग. बेट्स बोस्टनला राहायलाच तयार नव्हता, हे आपण तेव्हा किती वेळा वाचलं? जुलै २०२० मध्ये, एकही सामना न खेळता, त्याने लॉस एंजेलिसशी बारा वर्षांचा ३६ कोटी ५० लाखांचा करार केला. राहायला तयार होता की, फक्त आपल्या दरात नव्हता. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, पण छापायला पहिलं सोपं.

तुम्ही २००४ चा आपला शॉर्टस्टॉप नोमार आठवून बघा. १ जुलैला न्यू यॉर्कमध्ये यांकीजशी तेरा इनिंगचा सामना. जीटर चेंडूमागे धावत सरळ प्रेक्षकांत जाऊन पडला, तोंडाला खोक पडली, आणि कॅमेरा फिरून आपल्या डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बाकावर) बसलेल्या नोमारवर. त्या एका चित्रावर महिनाभर चर्चा. पायाच्या दुखापतीतून तो उठत होता, पण ते चित्रात कुठे दिसतं? ३१ जुलैला चार क्लबांचं डील होऊन तो शिकागोला गेला. मी तेव्हा नवा होतो इथे, ऑफिसात सुतक होतं.

मला खरं सांगायचंय ते त्याच दिवसाचं. ट्रेडच्या डेडलाइनच्या त्याच दिवशी अजून एक बारकं डील झालं. डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक आउटफिल्डर घेतला, बदल्यात मायनर लीगमधला एक मुलगा दिला. नोमारच्या गदारोळात त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ होता? ऑक्टोबरात मालिकेत यांकीज ३-० ने पुढे, चौथ्या सामन्याची नववी इनिंग, चेंडू टाकायला त्यांचा रिव्हेरा, आपल्या मिलारला वॉक (फुकटात फर्स्ट बेस) मिळाला आणि त्याच्या जागी पळायला हा रॉबर्ट्स. अख्ख्या फेनवेला माहीत होतं तो सेकंड बेस चोरायला पळणार, रिव्हेरालाही माहीत होतं. तीनदा रिव्हेराने फर्स्टला फेकून त्याला मागे ढकलला. तरी पळाला, बोटभर अंतराने सेफ. मग म्युलरचा हिट, बरोबरी, आणि पुढे विजेतेपदाविना गेलेल्या शहाऐंशी वर्षांची साडेसाती सुटली.

काल डॉजर्सच्या डगआउटमध्ये मॅनेजर म्हणून कोण उभा होता? तोच रॉबर्ट्स. बेट्सला मिठी मारताना दिसला. त्या वेळी माझ्या पोटात काय झालं ते मला धड लिहिता येत नाही.

म्हणून ट्रेडच्या दुसऱ्या दिवशी "कोण जिंकलं, कोण हरलं" असे परीक्षेसारखे मार्क देतात ना, ए, बी-मायनस, ते मी वाचणं सोडलं. ३१ जुलै २००४ ला रॉबर्ट्सला कुणी काय मार्क दिले असते?

आणि एक अवघड जागचं. बॉस्टन ग्लोब हा पेपर रेड सॉक्सचा मालक जॉन हेन्रीने २०१३ मध्ये सात कोटी डॉलरला घेतला. सामने दाखवणाऱ्या चॅनेलमध्येही मोठा वाटा त्याच्याच कंपनीचा. क्लब त्यांचा, पेपर त्यांचा, कॅमेरा त्यांचा. मग "सूत्रांच्या माहितीनुसार डेव्हर्स ड्रेसिंग रूममध्ये..." असं वाक्य आलं की माझं मन लगेच विचारतं, सूत्रं कुणाच्या हातात?

अनिरुद्ध

———

प्रेषक: वसंतकाका
सोमवार, ३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

अनिरुद्ध,

रॉबर्ट्सचं बरोबर आहे. तो पळाला तेव्हा मी उभा होतो आणि गुडघ्यावर आमटी सांडली होती. व्हर्डुगो-डाउन्सच्या नोंदीतही तू मला पकडलंस, तिथे मी वजाबाकीचा पुढचा रकाना बघितला नाही.

पण पेपराबाबत तू घाई करतोस. मी रोज सकाळी तो छापील घेतो, आता घेणारे मोजकेच उरलो. मालकावर लिहिताना तो आमचाही मालक आहे असं ते खाली सांगतात. त्यांचा स्तंभलेखक शॉनेसी तर गेली कित्येक वर्षं हेन्रीला त्याच्याच कागदावर धुतोय. मालकाच्या ताटात जेवून मालकालाच बोल लावणारे मी आपल्या पुण्याच्या कचेरीत फारसे पाहिले नाहीत. माझा राग दुसऱ्यांवर आहे, रेडिओवर. सकाळी गाडीत लावला की दोन माणसं एकमेकांवर ओरडत असतात आणि तिसरा फोन करून त्यांच्यावर. त्यांना ना टॅक्सची रेषा माहीत, ना करार. गेलेला माणूस हा त्यांचा चारा आहे. राहिलेल्याला उद्या मुलाखतीला बोलवायचं असतं, गेलेल्याची भीड कोण धरतो?

आणि हे फक्त इथलं आहे असं समजू नकोस. हार्दिकला गुजरातकडून मुंबईने परत आणला, रोहितच्या जागी कप्तान केला, तर एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर आपल्याच लोकांनी टॉसच्या वेळी त्याची हुर्यो उडवली. मांजरेकरला माइकवरून सांगावं लागलं, नीट वागा. तीन महिन्यांनी विश्वचषक घेऊन आला तेव्हा तेच वानखेडे त्याच्या नावाने घुमत होतं. माझा पुतण्या दोन्ही दिवशी हजर होता, दोन्ही दिवशी घसा बसला.

राहता राहिलं नोमारचं. आमच्या फ्रिजवर त्याचा एक फोटो होता. तो शिकागोला गेल्यावर मी म्हटलं, काढ आता. तुझी काकू म्हणाली, "मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला तर फोटो काढतात का?" २०११ मध्ये फ्रिज बदलला. फोटो नव्या फ्रिजवर गेला.

वसंतकाका

———

प्रेषक: मेधा
सोमवार, ३ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

वाचतेय सगळं, अर्धं डोक्यावरून जातंय. बाईंना फोन करून सूर जागेवर होता म्हणून कळवलं. त्यांनी विचारलं, "कोण गेला मग?" मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे.

डबे नेले, बूट अजून इथेच.

मेधा

———

प्रेषक: अनिरुद्ध
सोमवार, ३ नोव्हेंबर, दुपारी १२.२५

ताई, बूट आमच्याच धाकट्याचा. कालपासून शोधतोय, शेवटच्या रांगेत खुर्चीवर उभं राहायला काढला होता म्हणे. संध्याकाळी त्याला घेऊन येतो. अकरा नंबरचा शर्ट घालून येईल, रोज तोच घालतो. त्याच्यापुढे डेव्हर्सचं काही काढू नका.

काका, काकूंना विचारा, फ्रिजवर जागा आहे का.

अनिरुद्ध