जामीन मंजूर झाला, पण जामीनदार आणायचा कुठून?

रानवाट: पारधी पालावरचा एक मुलगा चोरीच्या गुन्ह्यात जिल्हा कारागृहात आहे. २५ हजारांचा जामीन मंजूर होऊन १२ दिवस झाले. जामीनदाराचा सातबारा आणि रेशनकार्ड मागतात. पाल गायरानावर, नात्यात कुणाच्या नावे गुंठाभर जमीन नाही. गावातलं कुणी उभं राहत नाही. जातीचा दाखलाही नाही. काय करावं?

कोर्टआवार: दाखल्यासाठी अडून राहू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीला मोफत वकील मिळतो, तसाच कोठडीतल्या कुणालाही मिळतो.

सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत: आदेशानंतर ७ दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. तुम्ही वाट न बघता सचिवांना लेखी अर्ज द्या. त्यात गुन्हा क्रमांक, आदेशाची तारीख आणि घरची मिळकत लिहा. पोच घ्याच. सचिव कुटुंबाच्या परिस्थितीचा अहवाल कोर्टापुढे ठेवू शकतात, त्यावर अट शिथिल होऊ शकते.

सोबत वकिलांनी जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडण्याचा अर्ज करावा आणि मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश (१९७८) जोडावा. त्यात एका गवंड्याकडे १० हजारांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अमान्य केलं.

माळावरचा: त्याच अर्जात गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचीही मागणी लिहा. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याला (खटला अजून निकाली न लागलेल्या) जामिनासाठी ४० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. तुमचे २५ हजार त्यात बसतात.

तारीख_पे: जामीन भरण्याआधी कारागृहात विचारा, दुसऱ्या पोलीस ठाण्याचं प्रॉडक्शन वॉरंट (कैद्याला दुसऱ्या गुन्ह्यात कोर्टापुढे हजर करण्याचा आदेश) आलंय का? खरी अडचण इथेच होते. एका गुन्ह्यात जामीन झाला की शेजारच्या ठाण्यातली उघडकीस न आलेली घरफोडी त्याच मुलाच्या नावावर दाखवतात आणि फाटकातूनच ताबा घेतात. मग प्रत्येक गुन्ह्याला वेगळा जामीन लागतो. वर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये पहिल्या गुन्ह्याच्या आरोपीला एक तृतीयांश शिक्षेइतका काळ काढल्यावर सुटकेची तरतूद आहे, पण एकाहून जास्त खटले असले की तो लाभही जातो.

रिमांड अर्जात (कोठडी मागणाऱ्या पोलिसांच्या अर्जात) 'सराईत' लिहिलंय का तेही बघा. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्येच रद्द झाला. जन्मावरून कुणी सराईत ठरत नाही. वकिलांनी यावर लेखी हरकत घ्यावी.

मुलाचं वय किती?

रानवाट: कागदावर 'अंदाजे २०'. आधार नाही.

तारीख_पे: 'अंदाजे' कुणी ठरवलं? बाल न्याय कायदा २०१५, कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. एखादं वर्ष आश्रमशाळेत गेला असेल तर तिथलं जनरल रजिस्टर बघा. घटनेच्या दिवशी १८ च्या आत असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि तिथे जामीनदाराशिवायही सोडता येतं. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो.