फुलं येतात आणि गळतात! मदत हवी आहे

हिरवीमिरची: घरचं पिकवून खायचं म्हणून दोन महिने राबतेय. वेल झकास वाढलाय, फुलंही भरपूर, पण सगळी गळतात. खत घातलं, पाणी रोज. लवकर सांगा, उपटून टाकायच्या बेतात आहे.

कोरडवाहू: कशाचा वेल?

बागुलबुवा: पाणी रोज, तिथेच घोळ आहे. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. माझी टोमॅटोची फुलं अशीच गळायची.

कोरडवाहू: टोमॅटोची उन्हानेही गळतात. पारा ३५ अंशांवर गेला की परागकण निकामी होतात. पण त्या वेल म्हणताहेत.

हिरवीमिरची: काकडी हो. लिहिलं नव्हतं का?

कोरडवाहू: नाही. फुलामागे इवलीशी काकडी दिसते का? नसेल तर ते नरफूल, ते गळणारच. सुरुवातीला बरेच दिवस नुसती तीच येतात.

हिरवीमिरची: दोन्ही आहेत. काकडीवालीसुद्धा पिवळी पडून गळतात.

फिरस्ता: एवढा खटाटोप कशाला? जवळच्या शेतकऱ्याकडून हंगामातलं घ्या, प्रदूषण तरी कमी.

चौकसबाई: जवळचं म्हणजे कमी प्रदूषण असं सरसकट नसतं. तापवलेल्या हरितगृहातल्या जवळच्या भाजीपेक्षा उघड्या शेतातली लांबची परवडते. वाहतुकीपेक्षा काय खाता यानेच जास्त फरक पडतो.

कोरडवाहू: हा वाद दुसऱ्या धाग्यावर घाला की. मिरचीताई, मधमाश्या येतात का?

हिरवीमिरची: कशा येतील? बाल्कनीला डासांची जाळी आहे ना.

कोरडवाहू: हे आधी सांगायचं! मग मधमाशीचं काम तुमच्याकडे. सकाळी ताजं उमललेलं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादीफूल एकच दिवस उमलतं, संध्याकाळी सवडीने करू म्हणाल तर गेलं.

चौकसबाई: रोज कोण करणार हे? परागीभवनाशिवाय फळ धरणारी बिनबियांची वाणं मिळतात, ती लावा.

कोरडवाहू: त्यांचा वेल आत्ता फुलावर आहे, आणि तुम्ही बियाणं बदला म्हणताय!

फिरस्ता: कुंडीत पुदिना लावा, मरत नाही.

हिरवीमिरची: पुदिन्याचं कोणी विचारलंय? असो. चार दिवसांपूर्वी तीन फुलांना केलं. एक गळलं, दोन बोटाएवढ्या झाल्यात!! जाळी मात्र काढणार नाही.

बागुलबुवा: पाणी कमी केलंत ना? म्हणूनच.