पैसे पुरतील एवढे झाले, तरी काम चालू ठेवाल? खरे अनुभव लिहा

आकडेमोड्या (धागाकर्ता):
मी ४७ चा. पुण्यात आयटीत २३ वर्षं झाली. गृहकर्ज फिटलं, लेकीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. गेल्या दिवाळीत एक्सेल उघडून बसलो. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठले की नोकरी सोडता येते, असा ठोकताळा सगळेच सांगतात. तो अमेरिकेतल्या बाजारावरून निघालेला, म्हणून मी ३५ पट धरले. तरी जमतंय. आणि जमतंय हे कळल्यापासून झोप उडाली आहे. सोमवारी सकाळी कशासाठी उठायचं याचं एक ठरलेलं उत्तर होतं, ते गेलं. बायको म्हणते, "मग सोड की." सोडवत नाही.

हिशेब विचारत नाहीये, तो मला येतो. ज्यांनी सोडली, किंवा सोडता येत असून सोडली नाही, त्यांनी पुढे काय झालं ते लिहा. "एखादा छंद जोपासा" हे कृपया नको.

माजी टेलिफोनवाला:
मी बीएसएनएलचा. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन देशभरातून ७८ हजारांवर माणसं एकाच दिवशी बाहेर पडली, त्यातला एक. वय तेव्हा ५५. पेन्शन सुरू, मुलगा नोकरीला. कमावायची गरज उरली नव्हती.

दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला, त्यामुळे पहिलं वर्ष निवृत्तीचं की लॉकडाऊनचं हे समजलंच नाही. दुसऱ्या वर्षी समजलं. माझं सगळं आयुष्य खड्ड्यात गेलेलं, म्हणजे अक्षरशः. रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून केबलचे जॉइंट मारायचे. तारांचे रंग ठरलेले: पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. त्यांच्या जोडीला निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पाच पंचे पंचवीस जोड्या. पावसात, बॅटरीच्या उजेडात काळा कुठला नि जांभळा कुठला हे ओळखणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. घरी बसल्यावर एका दुपारी मी बायकोचे लोकरीचे गुंडे त्याच क्रमाने लावून ठेवले. तिने बघितलं, काही बोलली नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

मग गल्लीतला इंटरनेटवाला आला. "काका, पोराने फायबर उलटेपालटे जोडलेत, काही कळत नाहीये." मी म्हटलं, मला फायबर येत नाही. तरी गेलो. डबा उघडला तर आत निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. तोच क्रम! जोडायचं काम मशीन करतं, पण कोणाला कोण जोडायचं ते माणसानेच ठरवायचं.

आता आठवड्यातून तीन दिवस जातो. मिळतं त्यात पेट्रोल सुटतं. फुकट जाईन का? नाही. सुरुवातीला जात होतो, तर रात्री अकराला फोन यायचे. पैसे घ्यायला लागल्यापासून माणूस आधी "काका, वेळ आहे का" विचारतो.

शाखेतून सुटलेली:
बँकेतून ६० ला निवृत्त. आठवण? एकदाही नाही. ३६ वर्षं डोंबिवलीच्या जलद लोकलमध्ये कोपरं मारत चढले, ते पुरे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख टाकले (त्याहून जास्त घेतच नाहीत), पेन्शन आहे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की झालं.

पण तुम्ही सगळे कचेरीच्या कामाबद्दल बोलताय. नवरा माझ्या दोन वर्षं आधी घरी बसला. अकराला चहा, चारला चहा, मध्ये "आज भाजी काय?" माझी एक नोकरी सुटली आणि दुसरीचे तास वाढले. शेवटी पोळ्यांना बाई लावली, पगार माझ्या पेन्शनमधून. बाई ६३ वर्षांची आहे. तिला हा धागा वाचून दाखवावा की नाही, विचार करतेय.

निफाडकर:
वडील ८१. साडेचार एकर द्राक्ष. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, दोन्हीला म्हातारा बांधावर हजर. मी म्हणतो, दादा बसा सावलीत. ते म्हणतात, "तू कुठल्या डोळ्यावर कात्री मारतो ते बघू दे." मजूर गालात हसतात. मी ५२ चा, अजून शिकाऊ. सातबारा त्यांच्याच नावावर. ते निवृत्त झाले तर मला बढती मिळेल. (विनोद म्हणून लिहिलं होतं. परत वाचल्यावर तसं वाटलं नाही.)

गुरुजी:
जिल्हा परिषद शाळा, ५८ ला निवृत्त. दहा वर्षं आधी पैसे पुरले असते तर दहा वर्षं आधी सोडली असती. पोरं आवडायची. रोजची माहिती भरून पाठवणं नाही.

जर्सीतली ताई:
आमच्याकडे अमेरिकेत गाडं विम्यावर अडतं. मी ६१. निवृत्तीखात्यातले पैसे साडेएकोणसाठनंतर दंड न भरता काढता येतात, ते वय उलटलं. पण मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) मिळणार ६५ ला, आणि घरचा विमा माझ्या नोकरीवर. नवऱ्याला मधुमेह. बाहेरून विकत घ्यायचा तर हप्ता ऐकूनच साखर वाढेल. म्हणजे आणखी चार वर्षं मी एका कार्डासाठी काम करणार. ऑफिसात विचारतात, "आवडतं म्हणून करतेस ना?" मी हो म्हणते.

भोसरीकर:
५२ ला सोडली, १४ महिन्यांत त्याच कंपनीत सल्लागार म्हणून परत. पहिल्या दिवशी गेटवर सिक्युरिटीने व्हिजिटर पास हातात ठेवला. २९ वर्षं त्याच गेटातून आत गेलेला माणूस मी. ज्याला व्हर्निअर धरायला शिकवलं, तो आता माझ्या बिलावर सही करतो. आठवडाभर धुसफुसत होतो.

मग एका मीटिंगमध्ये तोंडातून निघून गेलं, "हे ड्रॉइंग मला पटत नाही, यावर मी सही करणार नाही." नोकरीत असताना हे वाक्य मी कधीच उच्चारलं नव्हतं. कुटुंबाचं पोट त्यावर असताना नाही निघत. धागाकर्ते, तुमचे पैसे साठलेत हे साहेबाला कोणी सांगायला नको, तुमच्या आवाजावरूनच कळेल.

आकडेमोड्या:
भोसरीकर, परवा करून बघितलं. रात्री नऊच्या कॉलला जमणार नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही. कॉल दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला झाला, कोणी चकार शब्द काढला नाही. २३ वर्षं मी त्या नऊ वाजताच्या कॉलसाठी जेवण अर्धवट टाकून उठत होतो. तूर्त राजीनामा लांबणीवर.

टेलिफोनवाले काका, एक राहिलंच. काळा आणि जांभळा ओळखायचा कसा?

माजी टेलिफोनवाला:
दोन्ही तारा शेजारी-शेजारी धरायच्या. एकेकटी बघितली की हमखास फसतो. उद्या चौकात जॉइंट आहे, फोटो टाकतो.