मदत हवी आहे: मुलांचे क्लास, स्पर्धा आणि रविवारची उपासना कशी जमवता?

तापीकाठ:

नमस्कार,

आम्ही भुसावळला राहतो. मिस्टर रेल्वेत, मालगाडीवर लोको पायलट. मी यावल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सासूबाई आमच्याजवळच असतात. मोठी मुलगी आठवीत, मधला पाचवीत, धाकटी दुसरीत. घर ख्रिस्ती आहे आणि प्रश्न त्याच्याशीच जोडलेला आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

मोठी बुद्धिबळ खेळते, चित्रं काढते. मधला तबला शिकतो. धाकटीला सध्या जे दिसेल ते हवं असतं: ताईचा पट, दादाचा तबला, शेजारच्या मुलीचे स्केट्स. याशिवाय तिघांचं संडे स्कूल, मोठीची शनिवारी संध्याकाळी क्वायरची प्रॅक्टिस, आणि नाताळ जवळ आला की नाटिकेच्या तालमी.

अडचण रविवारची आहे. आमच्या मंडळीत सकाळी आठला संडे स्कूल, नऊला उपासना, सगळ्यांना भेटून निघेपर्यंत अकरा वाजतात. बुद्धिबळाच्या स्पर्धा बहुतेक रविवारी, त्याही जळगावला. साडेनऊला हजेरी, दहाला पहिली फेरी. तबल्याची परीक्षा जवळ आली की सर जादा तालीम घेतात ती रविवारी. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची तयारी रविवारी. अबॅकसची स्पर्धा रविवारी. गेल्या काही वर्षांत खुद्द शिष्यवृत्तीची परीक्षाही रविवारीच झाली. मी स्वतः शाळेत असल्यामुळे कारण कळतं. वर्गखोल्या त्याच दिवशी रिकाम्या असतात, पालकांना सुट्टी असते, पर्यवेक्षक मिळतात. कुणाला दोष द्यावा असं यात काही नाही. पण ज्या घराची आठवड्यातली मुख्य गोष्टच रविवारी सकाळी असते, त्या घरानं काय करायचं?

रविवारची सकाळ आम्हाला सहज सोडता येत नाही. त्यामागे श्रद्धा आहेच, आणखीही एक कारण आहे. मिस्टरांची ड्यूटी कॉलवर. फोन आला की दोनेक तासांत लॉबीत, म्हणजे ड्यूटीच्या हजेरीच्या जागी, हजर व्हायचं, मग मनमाड नाहीतर खंडवा नाहीतर बडनेरा, झोप तिथल्या रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रामगृहात. घरी येतात तेव्हा मुलं शाळेत, मुलं येतात तेव्हा हे झोपलेले, कारण रात्री परत कॉल. रविवारीही ते असतीलच याची खात्री नसते. पण असतात तेव्हा आम्ही सहाही जण एका बाकावर बसतो. दुपारी सासूबाई कळण्याची भाकरी टाकतात आणि सगळे एकत्र जेवतात. आठवड्यात हे दुसऱ्या कुठल्याच दिवशी घडत नाही. त्यातल्या एखाद्या रविवारी मोठी जळगावला आणि मधला तालमीला असला, तर वडिलांची आणि त्यांची आठवडाभर धड भेट होत नाही.

सासूबाईंचं म्हणणं स्पष्ट आहे: रविवार प्रभूचा. त्या रागावून बोलत नाहीत, पण मोठी सकाळी पट पिशवीत भरायला लागली की त्या गप्प होतात, आणि ते पोरीला जास्त लागतं. दुसरीकडे तीच आजी नातवाच्या तबल्यावर जीव टाकते. गुरुपौर्णिमेला क्लासमध्ये पूजा असते तेव्हा मुलगा मागे शांत उभा राहतो आणि नंतर वाजवायला बसतो. सर फार समजूतदार आहेत, त्यावरून कधी शब्दही निघाला नाही.

डिसेंबर तर विचारू नका. गांधर्व महाविद्यालयाच्या तबल्याच्या परीक्षांचं सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात, शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरात, संडे स्कूलची नाटिका, रात्री घरोघरी नाताळगीतं म्हणायला निघणारा युवक संघ, घरात करंज्या-शंकरपाळे-अनारसे, आणि भरताच्या वांग्यांचा हंगाम असल्यामुळे भरीत खायला येणारे पाहुणे. पाहुणे हवेच आहेत, पण सगळं एकाच महिन्यात येतं. मे महिन्यात वेगळीच तऱ्हा. पारा पंचेचाळिसाच्या वर, त्यामुळे सगळे छंदवर्ग सकाळी लवकर, आणि आमची सुट्टीतली बायबल शाळाही त्याच वेळेला.

माझं विचारणं असं आहे. ज्यांच्या घरी आठवड्याचा एक ठरलेला उपासनेचा वेळ आहे, मग धर्म कोणताही असो, ते स्पर्धांचं काय करतात? मुलाला चांगली गती असलेला खेळ केवळ वारामुळे सोडायला लावणं मला पटत नाही. दर वेळी उपासना सोडणंही पटत नाही. स्पर्धेच्या आयोजकांशी बोलून काही सवलत मिळते का? तीन मुलांना मिळून किती क्लास झेपतात? आणि सासूबाईंना न दुखावता हे कसं बोलावं? ‘क्लास बंद करा, मुलांना मोकळं खेळू द्या’ एवढंच सांगणार असाल तर तोही विचार आम्ही केला आहे. मुलांनाच ते नको आहे.

पटावरचा_घोडा:

ताई, बुद्धिबळाचं मी सांगू शकतो. माझा मुलगा जळगाव जिल्ह्यात बरीच वर्षं खेळतोय.

बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीच्या असतात, म्हणजे हरलं तरी कुणी बाद होत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात. अशा स्पर्धेत एखाद्या फेरीला येता येणार नसेल तर आधी कळवून ‘बाय’ मागता येतो. नियमात सोय असेल तर त्या फेरीचा अर्धा गुण मिळतो. न कळवता गैरहजर राहिलं तर शून्य, आणि पुढच्या फेरीच्या जोडीतून नावही निघू शकतं. म्हणून प्रवेश भरतानाच माहितीपत्रक नीट वाचा आणि मुख्य पंचांना फोन करा. ‘पहिल्या फेरीला बाय मिळेल का’ एवढंच विचारायचं, कारण सांगितलं तरी चालतं. शेवटच्या फेऱ्यांना सहसा देत नाहीत, पहिलीला अडचण कमी येते. अर्ध्या गुणानं पोरीचं काही बिघडत नाही. चांगली खेळत असेल तर दुपारपर्यंत वरच्या पटांवर येते.

दुसरं, शालेय क्रीडा स्पर्धांकडे लक्ष द्या. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या स्पर्धांमध्ये बुद्धिबळ आहे, चौदा-सतरा-एकोणीस असे वयोगट असतात, आणि त्या बहुतेक शाळेच्या दिवशी होतात. जिल्ह्यातून पुढे नाशिक विभाग, मग राज्य. शाळेतून नाव जावं लागतं, त्यामुळे क्रीडाशिक्षकांना जूनमध्येच सांगून ठेवा. रविवारच्या खुल्या स्पर्धा सगळ्याच खेळायची गरज नाही. निवड स्पर्धा आणि एखाददुसरी मोठी, बाकी सराव ऑनलाइन होतो.

वरणगावची_आई:

आमच्या घरी ठरलेला वार गुरुवार आहे. संध्याकाळी भजन असतं, त्या वेळेला क्लास नाही हे मुलं लहान असतानाच ठरलं. आता मुलं स्वतःच क्लासवाल्यांना सांगतात. तुमचं अवघड एवढ्यासाठी की सगळं जग रविवारी मोकळं असतं.

क्लास किती, यावर माझं मत: एका मुलाला बाहेर जायचा एकच छंद, दुसरा घरातल्या घरात. तुमच्या मोठीला बुद्धिबळ बाहेर आणि चित्रकला घरी. ग्रेड परीक्षेसाठी वर्षभर क्लास लागत नाही. शाळेतले कला शिक्षक चांगले असतील तर दिवाळीआधीचे दोन-तीन महिने पुरतात. या परीक्षेचे दोन टप्पे, आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. दहावीला वाढीव गुण मिळतात ते इंटरमिजिएटच्या श्रेणीवर (ए ७, बी ५, सी ३), एलिमेंटरीवर नाही. म्हणून आठवीत एलिमेंटरी शांतपणे होऊ द्या, नववीत इंटरमिजिएट. धाकटीला अजून दोन वर्षं काहीच लावू नका. ताई-दादाजवळ बसून ती जे उचलेल ते उचलू दे.

जळगावला जाणं-येणं वाटून घ्या. भुसावळहून स्पर्धेला जाणारी अजून पोरं असतीलच. एका पालकानं सगळ्यांना न्यायचं, दुसऱ्यानं आणायचं. आम्ही वरणगाव, दीपनगर आणि भुसावळ मिळून असं करतो. संपर्कातून निरोप पाठवते, तुमच्या मुलीला उपासनेनंतर भुसावळ स्टेशनवरून घेता येईल का बघू.

सांजप्रार्थना:

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, त्यामुळे स्पर्धेच्या आठवड्यात आम्ही शनिवारी जातो आणि मुलाच्या मनात अपराधीपणा राहत नाही. तुमच्या मंडळीत तशी रीत नसेल, पण पाळकसाहेबांशी बोलून बघा. मंडळीत अशी तीन-चार घरं निघाली तर शनिवारच्या क्वायर प्रॅक्टिसला जोडून अर्ध्या तासाची छोटी प्रार्थनासभा होऊ शकते. आपल्या घराची अडचण पाळकांना माहीत असणं चांगलंच.

डिसेंबरसाठी एक सांगते. ऑगस्टमध्येच कॅलेंडर घेऊन बसा आणि मुलांना विचारा, नाताळच्या कार्यक्रमात प्रत्येकाचा कोणता एक सहभाग. नाटिका, नाच, गाणं, वचनपाठ सगळं एकाच मुलावर येतं, कारण तुमची मुलं वेळेवर येतात आणि पाठ करून येतात. संडे स्कूलच्या शिक्षकांना ‘हिचं यंदा फक्त गाणं’ असं आधीच सांगितलं तर त्यांनाही पात्रं वाटताना बरं पडतं. तबल्याची परीक्षा एप्रिल-मे सत्रात द्या. प्रारंभिक काय, प्रवेशिका प्रथम काय, या सुरुवातीच्या परीक्षांना सहा महिन्यांनी काही फरक पडत नाही.

नवापूरकर:

सगळ्यांना सलाम. आमच्याकडे उलट आहे. नवापूर तालुक्यातल्या आमच्या गावात क्लासच नाहीत. कीबोर्ड, गिटार, ढोलक, चार सुरांत गाणं, जे काही मुलं शिकली ते मंडळीतच शिकली. शिकवणारी मोठी मुलंही तशीच शिकलेली. रविवारी उपासना झाली की मागच्या मैदानात व्हॉलीबॉल. म्हणून तुमचं वाचताना वाटलं, की मधल्याच्या तबल्याला रविवारशी भांडायची गरजच नाही. दादरा आणि केरवा हे ताल हाताला बसले असतील तर त्याला उपासनेत भजनाच्या साथीला बसवा. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगात मांडली, त्या परंपरेला पेटी-तबला कधीच परका नव्हता. क्लासमध्ये एकट्यानं वाजवणं वेगळं, आणि पन्नास-साठ माणसं गाताना लय धरून ठेवणं वेगळं. सरांना सांगा, तेही खूश होतील. आजींना तर विचारायलाच नको.

परीक्षांबद्दल मात्र तुमचं दुखणं आमचंही. आठवीची एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा, २०२४ साली २२ डिसेंबरला होती, रविवारी, नाताळाच्या तोंडावर. आमच्या पोरांना तिथे जावंच लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, घराला त्याचा मोठा आधार असतो. त्या दिवशी आमच्या पाळकांनी मुलांसाठी पहाटे प्रार्थना घेतली आणि मग सगळ्यांना केंद्रावर पाठवलं. परीक्षा वर्षातून एकदा असते, तिच्यासाठी मनात काही ठेवू नका. स्पर्धेचं वेगळं, ती दर महिन्याला येते.

शिरपूरचा_वाचक:

आमना घर बी हाईच शे, ताई. फक्त वार शनिवार.

एक गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून विचारतो. मोठीला स्वतःला काय वाटतं? आठवीतली मुलगी आहे, तिचं देवाशी काहीतरी नातं तयार होत असेल. आई, आजी आणि स्पर्धा यांच्यात तिनं फक्त इकडून तिकडे ओढलं जायचं का? तिला वर्षाचं स्पर्धांचं वेळापत्रक द्या आणि सांगा, यातले चार रविवार तुझे, कोणते ते तू निवड. निवड तिची असली की उरलेल्या रविवारी ती चर्चमध्ये घड्याळ बघत बसणार नाही. आणि आजींशी तिनंच बोलावं. नात समोर बसून सांगते तेव्हा आजी जसं ऐकते, तसं सुनेचं ऐकत नाही. हे मी चार घरं बघून सांगतोय.

तापीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, मध्ये सहामाही परीक्षा होत्या.

शिरपूरच्या दादांचं आधी ऐकलं. मोठीला विचारलं तर तिनं लगेच उत्तर दिलं नाही, वही घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी यादी आणली. त्यात जिल्हा निवड होती, एक जळगावची मोठी स्पर्धा होती, आणि बाकी रविवार तिनं स्वतःच सोडले होते. एक तर असा सोडला की मला वाटलं ती नक्की मागेल. विचारलं तेव्हा म्हणाली, त्या रविवारी पप्पांची रेस्ट पडायची शक्यता आहे. तिनं त्यांच्याकडे चौकशी केली होती. आजीशीही तीच बोलली. सासूबाईंची एक अट आहे: जायच्या दिवशी सकाळी निघण्याआधी घरात सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, पाच मिनिटांची का होईना, आणि मिस्टर गाडीवर नसतील तर फोनवर तेही. ती अट आम्हाला सगळ्यांनाच आवडली.

घोडेदादा, पंचांना फोन केला. पहिल्या फेरीचा बाय मिळतोय, माहितीपत्रकात खरंच लिहिलेलं होतं. वरणगावच्या ताईंशी बोलणं झालं, परतीचं त्या बघणार आहेत आणि जाताना आमच्याकडून दीपनगरच्या दोन मुली येतील.

मधल्याची परीक्षा एप्रिल-मेवर टाकली. नवापूरकर दादा, तुमचं म्हणणं पाळकसाहेबांना सांगितलं. पुढच्या महिन्यापासून तो एका भजनाला साथ करणार. सरांनी त्यासाठी वेगळा सराव सुरू केला आहे आणि ऐकायला येतो म्हणालेत. सांजप्रार्थना ताई, शनिवारच्या प्रार्थनासभेचं पाळकसाहेब विचार करतो म्हणाले. मंडळीत दोन क्रिकेटवाली घरंही आहेत, ती मला माहीतच नव्हती.

बायबल शाळा आणि छंदवर्गाचा मे महिन्यातला घोळ अजून सुटलेला नाही. भुसावळ-जळगावकडे कुणी संध्याकाळी सहानंतर बायबल शाळा घेऊन बघितली आहे का? लहान मुलं तेवढ्या उशिरा टिकतात का, आणि ऊन उतरल्यावर हॉल किती वेळ तापलेला राहतो, हे कुणी अनुभवानं सांगितलं तर पाळकसाहेबांपुढे मांडता येईल.

वरणगावची_आई:

आमच्याकडे संस्कार शिबिर आम्ही गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी घेतलं. हॉलमध्ये आठपर्यंत झळ राहते, आत बसूच नका. अंगणात चारच्या सुमाराला पाणी मारून ठेवायचं आणि सव्वासहाला सतरंज्या टाकायच्या. दुसरीची पोरं आठपर्यंत सहज टिकतात, फक्त मध्ये काहीतरी खायला द्या, आमच्याकडे मुरमुरे-शेंगदाणे चालले. डासांसाठी काही तरी व्यवस्था करा. आणि लाइट जातो, तेव्हा माइकवर अवलंबून राहू नका.