रूळकामाच्या शनिवार-रविवारी लंडनचे तिकीट महाग दिसते आहे. आता घ्यावे की थांबावे?

रानजाई यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही मँचेस्टरजवळ स्टॉकपोर्टला राहतो. साधारण दहा आठवड्यांनी एका शनिवारी लंडनला, डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळातल्या कार्यक्रमासाठी जायचे आहे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे आहे. मी, यजमान, आठ आणि चार वर्षांची दोन मुले आणि नाशिकहून आलेल्या माझ्या सासूबाई असे आम्ही पाच जण आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाड्या बदलाव्या लागणे जितके कमी, तितके बरे.

अडचण अशी, की नेमक्या त्याच दोन दिवशी मिल्टन कीन्स ते लंडनचे यूस्टन स्थानक हा मार्ग रूळकामासाठी बंद राहणार असल्याची सूचना लागली आहे. काल रात्री तिकिटे पाहायला बसले, तेव्हा शनिवारसाठी दोन प्रकारचे प्रवास दिसले. एकात मिल्टन कीन्सपर्यंत गाडी, तिथून बेडफर्डपर्यंत बदली बस आणि पुढे लंडनच्याच सेंट पँक्रास स्थानकाची गाडी होती. दुसरा शेफिल्डमार्गे होता आणि त्याचे भाडे पाहून मी पडदाच मिटला. रविवारी मात्र यूस्टनहून सुटणाऱ्या नेहमीच्या थेट गाड्या जशाच्या तशा दिसत आहेत. दोन्ही दिवशी ॲडव्हान्सचे, म्हणजे ठरावीक गाडीपुरते आधी काढायचे स्वस्त, एकही तिकीट नाही. त्याच आठवड्यातल्या बुधवारची तिकिटे मात्र निम्म्याहून कमी दरात मिळत आहेत.

यजमानांचे म्हणणे असे, की भाव आणखी चढण्याआधी शनिवारचे एकेरी ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून कोणत्याही गाडीला चालणारे) तिकीट घेऊन टाकावे आणि रविवारचे नंतर पाहावे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगताही येत नाही. ज्यांना या गोष्टींचा अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना प्रवासी यांचा प्रतिसाद

रानजाई, तुमची शंका योग्य आहे. आज काहीही विकत घेऊ नका.

आपल्याकडे मुंबईत रविवारी मेगाब्लॉक असला, तरी ठाण्याहून सीएसएमटीला जायचे भाडे बदलत नाही, कारण तिथे भाडे अंतरावर ठरते आणि लोकलच्या तिकिटावर गाडीचे नाव नसते. ब्रिटनमध्ये लांबच्या प्रवासाची स्वस्त तिकिटे एकेका गाडीला बांधलेली असतात आणि त्या गाडीच्या ठरावीक जागांपुरतीच असतात. म्हणजे गाडी नक्की झाल्याशिवाय ॲडव्हान्स तिकीट निघूच शकत नाही. वेळापत्रक सर्वसाधारणपणे १२ आठवडे आधी पक्के व्हावे अशी पद्धत आहे, पण रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलचे मोठे काम ज्या शनिवार-रविवारी असते, तिथे कोणती गाडी कुठवर जाईल, बस कुठून सुटेल, कोणत्या कंपनीला दुसरीचे रूळ वापरता येतील हे ठरायला अधिक वेळ लागतो आणि ते दोन दिवस विक्रीला उशिरा येतात. तुम्हाला बुधवार स्वस्त दिसतो आणि शनिवार महाग, याचे कारण शनिवारी मागणी जास्त आहे हे नसून शनिवारचा स्वस्त कोटा अजून उघडलेलाच नाही, हे आहे. रविवारच्या ज्या थेट गाड्या तुम्हाला दिसतात, त्या जुन्या वेळापत्रकातल्या आहेत. सुधारित वेळापत्रक चढवले की त्या नाहीशा होतील.

आता यजमानांच्या भीतीविषयी. ऑफ-पीक तिकिटाचा दर ठरलेला असतो आणि त्याला कोटा नसतो. ते आज घ्या, आदल्या दिवशी घ्या किंवा स्टॉकपोर्टच्या खिडकीवर गाडीच्या आधी दहा मिनिटे घ्या, पैसे तेवढेच पडतात. तुमच्या मार्गासारख्या लांबच्या मार्गांवरचे ऑफ-पीक परतीचे भाडे सरकारी नियंत्रणाखाली येते, आणि इंग्लंडमधली नियंत्रित भाडी मार्च २०२७ पर्यंत वाढणार नाहीत असे सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा ‘भाव चढेल’ ही धास्ती इथे लागू होत नाही. हे परतीचे भाडे तुम्ही आपली कमाल मर्यादा समजा. त्याहून एक पौंडही जास्त देण्याची वेळ सहसा येऊ नये.

सर्वांत मोठा तोटा एकेरी तिकीट घेण्यात आहे. अनेक लांबच्या मार्गांवर ऑफ-पीकचे एकेरी तिकीट आणि परतीचे तिकीट यांत जेमतेम एका पौंडाचा फरक असतो. शनिवारचे एकेरी आज आणि रविवारचे एकेरी पुढच्या महिन्यात घेतले, तर तुम्ही जवळजवळ दोन परतीच्या तिकिटांचे पैसे भराल. परतीच्या तिकिटावर परतीचा प्रवास महिन्याच्या आत केव्हाही करता येतो, म्हणून रविवारचे वेळापत्रक पक्के नसले तरी बिघडत नाही. मात्र पूर्व किनाऱ्याच्या मार्गाने न्यूकॅसल किंवा एडिनबर्गला जाणाऱ्यांनी ही मर्यादा गृहीत धरू नये. लंडनहून तिकडे जाणाऱ्या एलएनईआर या कंपनीच्या गाड्यांवरून फेब्रुवारी २०२४ पासून ऑफ-पीकची तिकिटे काढून तिथे ‘७० मिनिट फ्लेक्स’ नावाचा, निवडलेल्या गाडीच्या ७० मिनिटे आगेमागे चालणारा प्रकार आणला आहे, आणि तिथे उशीर केला तर खरोखरच महागात पडते.

तेव्हा तुम्ही ॲडव्हान्स तिकिटे उघडल्याची सूचना ईमेलवर मागवून ठेवा. ती आली, की दोन्ही दिशांच्या ॲडव्हान्स तिकिटांची बेरीज करून ती ऑफ-पीक परतीच्या भाड्याशी ताडून पाहा. बेरीज बरीच कमी असेल तर ॲडव्हान्स घ्या. थोडाच फरक असेल तर परतीचेच घ्या, कारण बसमुळे एखादी गाडी हुकली तर पुढच्या गाडीत बसताना कोणाला काही समजावत बसावे लागत नाही.

मुक्काम डर्बी यांचा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. शेफिल्डमार्गे दिसणाऱ्या त्या महाग भाड्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे.

आमच्या डर्बीहून लंडनचा सरळ मार्ग एका रविवारी बंद होता. संगणकाने मला बर्मिंगहॅममार्गे प्रवास सुचवला आणि त्या वाटेला लागू होणारे जे भाडे त्याला सापडले, ते नेहमीच्या जवळजवळ दुप्पट होते. मुलाखतीला वेळेवर पोहोचायचे होते म्हणून मी निमूटपणे पैसे भरले. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनात तिकीट तपासनिसाशी बोलताना कळले, की त्या दिवशी आमच्या मार्गाची नेहमीची तिकिटे त्या पर्यायी गाड्यांतही चालवून घ्यावीत असे कंपन्यांनी आपसांत ठरवले होते. ज्या संकेतस्थळावरून मी तिकीट काढले, तिथे याचा उल्लेखच नव्हता. मी पत्रे लिहिली, पण तिकीट वापरलेले असल्यामुळे काही परत मिळाले नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर येत्या रूळकामांची जी पाने असतात, त्यांत आपल्या मार्गाचे पान उघडून शेवटपर्यंत वाचतो. बस कुठून कुठपर्यंत आहे हे सगळेच वाचतात, पण कोणत्या कंपनीची तिकिटे कोणत्या दुसऱ्या गाड्यांत चालतील हे पानाच्या तळाशी लिहिलेले असते, आणि पैसे वाचतात ते तिथेच. तुमच्या बाबतीत शेफिल्डहून सेंट पँक्रासला जाणाऱ्या किंवा बर्मिंगहॅमहून लंडनच्या मॅरिलबोन स्थानकाला जाणाऱ्या गाड्यांत यूस्टनची तिकिटे चालतील असे लिहिले असेल, तर त्या महाग भाड्याकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. लिहिले नसेल, तर मात्र चालतीलच असे धरून गाडीत बसू नका. तिकिटावर ‘रूट’ या शब्दापुढे जे छापलेले असते ते बंधनकारक असते. तिथे एखाद्या कंपनीचे नाव असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या गाडीत ते तिकीट म्हणजे बिनतिकीट प्रवासासारखेच धरले जाऊ शकते.

सवलत लिहिलेली नसेल, तर बर्मिंगहॅमची वाट स्वतः तोडून पाहा. स्टॉकपोर्ट ते बर्मिंगहॅम एक तिकीट आणि बर्मिंगहॅम ते लंडन फक्त चिल्टर्न या कंपनीच्या गाड्यांसाठीचे दुसरे तिकीट, या दोहोंची बेरीज अनेकदा सलग तिकिटापेक्षा कमी भरते. अशी तोडलेली तिकिटे नियमाने चालतात, अट एवढीच की जिथे एक तिकीट संपून दुसरे सुरू होते त्या स्थानकावर तुमची गाडी थांबली पाहिजे. फक्त न्यू स्ट्रीटला उतरून मूर स्ट्रीट स्टेशनपर्यंत सुमारे दहा मिनिटे चालावे लागते. सासूबाईंसाठी तेवढे अंतर टॅक्सीने काढावे.

कोयनाकाठ यांचा प्रतिसाद

रानजाईताई, तुमच्या घरात आठ वर्षांचे मूल आहे आणि तुम्ही रेलकार्डाचा, म्हणजे भाड्यात सूट देणाऱ्या कार्डाचा, उल्लेख केला नाही, म्हणून विचारते. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढले आहे का? वर्षाचे ३५ पौंड पडतात. त्यावर चार मोठ्यांपर्यंत प्रत्येकाला एक तृतीयांश आणि ५ ते १५ वयाच्या चार मुलांपर्यंत प्रत्येकाला ६० टक्के सूट मिळते. सासूबाई त्यातच बसतात, त्यांच्यासाठी वेगळे कार्ड नको. ही सूट ॲडव्हान्स आणि ऑफ-पीक दोन्हींवर लागते. चार वर्षांचे मूल विनातिकीट येते, पण त्याला स्वतःची जागा मिळेलच असे नाही. तिकीट शक्यतो एखाद्या रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. तिथे दुसऱ्या कंपन्यांचीही तिकिटे मिळतात आणि आरक्षणशुल्क लागत नाही. काही ॲप दर खरेदीमागे वेगळे शुल्क घेतात, ते विनाकारण जाते.

दुसरे बसविषयी. गेल्या पावसाळी हवेत माझी आई इथे आली होती, तेव्हा आम्ही मिल्टन कीन्सहून अशाच बदली बसने गेलो. स्टेशनाबाहेर पिवळी जाकिटे घातलेले कर्मचारी रांगा लावत होते. आलेली बस लांब पल्ल्याची होती, दाराच्या पायऱ्या उंच आणि अरुंद होत्या, आणि आईला दोन्ही हातांनी दांडा धरून एकेक पायरी चढावी लागली. मागे पन्नास माणसे ताटकळत उभी होती, त्यामुळे ती अधिकच घाबरली. ते टाळायचे असेल तर पॅसेंजर असिस्ट ही विनामूल्य मदत आधी नोंदवून ठेवा. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत नोंदवता येते, पण तुम्ही आठवडाभर आधीच नोंदवा आणि पायऱ्या चढता येत नाहीत हे स्पष्ट सांगा. ज्याला बदली बसमध्ये चढणे शक्य नाही, त्याच्यासाठी कंपनीने वेगळे वाहन, बहुधा टॅक्सी, जादा पैसे न घेता द्यायचे असते. आम्हाला हे परतीच्या दिवशी कळले आणि परतीचा प्रवास आईने टॅक्सीत शांतपणे झोपून केला. लाजून मागितले नाही, तर ही गोष्ट आपणहून कोणी देत नाही.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना एकेरी आणि परतीच्या तिकिटांचे आकडे शेजारी शेजारी काढून दाखवले. खरोखरच एका पौंडाचाच फरक निघाला, आणि त्यांनी विषय तिथेच थांबवला. रेलकार्ड आज काढले, ॲडव्हान्सची सूचनाही मागवून ठेवली आहे.

एकच शंका उरली आहे. समजा आम्ही बस असलेल्या प्रवासाची ॲडव्हान्स तिकिटे घेतली आणि नंतर वेळा पुन्हा बदलल्या किंवा बस अडकल्यामुळे बेडफर्डची गाडी हुकली, तर आमचे पैसे बुडतात का?

जुना प्रवासी

बुडत नाहीत. तिकीट घेतल्यानंतर तुमची गाडी वेळापत्रकातून काढली गेली आणि तुम्ही प्रवास न करण्याचे ठरवले, तर ॲडव्हान्सचेही पूर्ण पैसे शुल्क न कापता परत मिळतात. त्यासाठी जिथून तिकीट घेतले तिथेच अर्ज करायचा. बदली बस उशिरा पोहोचल्यामुळे पुढची गाडी हुकली, तर तो दोष तुमचा धरला जात नाही. त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीने जाता येते. फक्त बेडफर्डला आधी कर्मचाऱ्याला सांगा आणि मगच चढा.

उशिराची भरपाई वेगळी. ती त्या दिवसाच्या सुधारित वेळापत्रकाशी ताडून मोजतात. एरवी दोन तासांचा प्रवास रूळकामामुळे चार तासांचा म्हणून जाहीर झाला असेल आणि तुम्ही चार तासांत पोहोचलात, तर काही मिळणार नाही. जाहीर वेळेपेक्षा उशीर झाला तर मिळेल. बऱ्याच कंपन्या पंधरा मिनिटांपासून भरपाई देतात. अर्ज २८ दिवसांत करावा लागतो, म्हणून सगळी तिकिटे अर्ज करून होईपर्यंत फोनमधून पुसू नका. आणि शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी वेळा पुन्हा एकदा पाहा. बसच्या वेळा शेवटच्या दिवसापर्यंत पाच-दहा मिनिटे पुढेमागे होत राहतात.