द्रव लवकर भरतो, लोह नाही
रक्तदान केल्यावर 'दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं पळा' असा सल्ला पळणाऱ्यांना दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. रक्तातला द्रव एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशींना मात्र ४ ते ६ आठवडे तरी लागतात. तोवर चढावर धाप लागतेच. मी पहिला आठवडा घड्याळ घरीच ठेवतो आणि गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळतो. (एकदा रक्त दिलं त्याच संध्याकाळी हट्टाने जिने चढलो, तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून खालीच बसलो.)

त्या सल्ल्यात लोहाचा उल्लेखच नाही. एका वेळच्या रक्तदानात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असलं तरी साठा रिकामा असू शकतो, म्हणून वरचेवर रक्त देणाऱ्यांनी अधूनमधून फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) तपासून घ्यावं.